चार नंबरचा फळा

सर : मामा, मी सरळ विचारतो. चार नंबरच्या खोलीतला फळा पुसतं कोण?

मामा : फळा आहे, पुसला जातो की, सर.

सर : आपोआप?

मामा : आपोआप कसा? अठ्ठावीस वर्षं शिपाई आहे मी या इमारतीत. फळे माझ्याकडेच.

सर : माझा तास अकराला संपतो. काल चष्म्याचं घर विसरलो म्हणून बाराला परत गेलो, तर फळा जसाच्या तसा. दोनला तिथंच बाईंचा तास असतो, तेव्हा मात्र लख्ख. म्हणजे तीन तास माझं अक्षर तिथं नुसतं टांगलेलं असतं.

मामा : डस्टर झिजलाय. नवा मागितलाय, ऑफिसात अर्ज पडून आहे.

सर : डस्टर मी हातात घेऊन पाहिला. ठणठणीत आहे.

मामा : मग माझाच हात झिजला असेल. वय झालं.

सर : मामा, विषय गमतीचा नाही. आज पाच वाजेपर्यंत हजेरीची यादी ऑफिसात द्यायची आहे. ज्यांची हजेरी पाऊण भरत नाही, ते परीक्षेला बसणार नाहीत. नऊ नावं आहेत. त्यातल्या एका मुलीच्या नावापुढं मला आणखी एक शेरा लिहायचा आहे. नक्कल.

मामा : कोणती मुलगी?

सर : तिसऱ्या वर्षाची. उंच, केस कसेतरी बांधलेली. चव्वेचाळीस तासांपैकी माझ्या अकरा तासांना हजर. आणि दुपारच्या बाकी सगळ्या शिक्षकांकडे एकही तास बुडवलेला नाही, मी चौकशी केली. म्हणजे कॉलेजात येते, फक्त माझं तोंड बघायचं नसतं.

मामा : तसं नसेल, सर.

सर : कसं असेल ते ऐका तर. मागच्या आठवड्यात चाचणी घेतली. पाच प्रश्न. हा तिचा पेपर. पाचपैकी चार उत्तरं ‘म्हणून’ने सुरू होतात. बघा. ‘म्हणून बीमचा मध्यबिंदू इतका वाकेल.’ अहो, म्हणून म्हणजे कशावरून? आगा नाही, पिछा आहे. शेंडा बरोबर, बुडखा गायब. तीस वर्षांत असा पेपर मी पाहिला नाही.

मामा : आणि पाचवं?

सर : पाचवं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आहे. खरं सांगायचं तर वर्गात सर्वांत चांगलं.

मामा : ते गुरुवारचं असणार.

सर : काय म्हणालात?

मामा : काही नाही.

सर : गुरुवारचं म्हणालात. तो भाग मी गुरुवारीच शिकवला होता. तिची अकराची अकरा हजेरी गुरुवारची आहे. मला वाटायचं, गुरुवारी कॅन्टीन बंद असतं म्हणून माझ्याकडे येत असेल. तुम्हाला कसं माहीत?

मामा : आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. पण आधी तुम्ही सांगा, नक्कल कशावरून म्हणता? कुणाच्या वहीतून उतरवणं वेगळं आणि...

सर : आणि काय? बरं, ऐका. बीमवर सगळीकडे सारखं ओझं टाकलं की तो मधे किती वाकतो, त्याचं सूत्र आहे. त्यात खाली एक आकडा येतो, तीनशे चौऱ्याऐंशी. ते शिकवलं त्या मंगळवारी घाईत मी फळ्यावर लिहिला तीनशे अठ्ठेचाळीस. आकड्यांची अदलाबदल. घंटा झाली, मी हात धुऊन निघालो होतो, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एकाने दाखवलं. खडू परत कोण हातात घेणार? मी दारातूनच म्हणालो, तीनशे चौऱ्याऐंशी करून घ्या. सगळ्यांनी केलं. चाचणीत सगळ्यांचा आकडा बरोबर. हिच्या एकटीच्या पेपरात तीनशे अठ्ठेचाळीस.

मामा : मग तर नक्कल नाहीच झाली.

सर : तेच काल रात्रीपासून डोक्यात घोळतंय. मी दहाबारा वह्या मागवून तपासल्या. कुठंही चुकीचा आकडा उरलेला नाही. मग हिने तो उचलला कुठून? ती चूक फक्त एकाच ठिकाणी शिल्लक होती, चार नंबरच्या फळ्यावर. आणि माझी सवय अशी, की फळा भरला की पुसून पुढं लिहितो. म्हणजे तास संपल्यावर उरतो तो शेवटचा तुकडा. ‘म्हणून’पासून पुढचा. मामा, फळा कोणासाठी ठेवता?

मामा : तिच्यासाठीच, सर. लिहून घेऊन झालं की तीच पुसते. इतका स्वच्छ पुसते की दोनच्या बाईंनी माझं कौतुक केलं. मी गुमान ऐकून घेतलं, एवढा माझा गुन्हा.

सर : आणि सकाळी ती कुठं असते?

मामा : हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. पहाटे पाच ते दुपारी बारा. चादरी मशीनमधून निघतात त्या गरम गरम उचलायच्या, झटकायच्या, घड्या घालायच्या. गुरुवारी सुट्टी. बाराला सुटली की चालत येते, साडेबाराला दारात हजर. मी कुलूप उघडून देतो.

सर : मला सांगायला काय झालं होतं?

मामा : मीच म्हटलं होतं तिला, सरांना सांग. तर म्हणाली, सरांना कळलं तर ते माझा पेपर सैल हाताने तपासतील. मला ते नको.

सर : सैल हाताने? मी?

मामा : मीही तेच म्हटलं, की सरांचा हात इतकी वर्षं कुणाला सैल झालेला दिसला नाही. पण ऐकते थोडीच.

सर : घरचं काय आहे?

मामा : वडील सामानाची गाडी चालवायचे, घरोघर पोचवायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता क्लच दाबता येत नाही. शिक्षणाला कर्ज काढलंय, त्याचं व्याज दर महिन्याला वडील भरणार असं ठरलं होतं. दोन महिने चुकले, तसं बँकेचं पत्र गेलं आत्याला. आत्या जामीन आहे. शाळेचे गणवेश शिवून पोट भरते ती. पत्र वाचल्यावर दोन दिवस मशीनला हात लावला नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी ही पोरगी धुलाईखान्यात लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाजवळ रडली नाही. मी तर म्हणतो सर, आपल्या वयाला लाज वाटावी अशी पोर आहे.

सर : आता कुठं असेल?

मामा : प्रयोगशाळेत. वर्कशॉपच्या मागं.

सर : बोलवा. आणि म्हणावं, वही घेऊन ये. फळ्यावरून उतरवते ती.

(थोड्या वेळाने. मामा मुलीला घेऊन येतात आणि दारापाशीच उभे राहतात.)

मुलगी : सर, मामांना काही बोलू नका. मीच मागं लागले होते त्यांच्या.

सर : मामांचं नंतर बघू. बस.

मुलगी : उभीच राहते.

सर : माझ्या तासाला चव्वेचाळीसपैकी अकरा वेळा आलीस. दुपारी कुणाचाही तास सोडला नाहीस. माझ्याच विषयावर एवढा राग?

मुलगी : राग नाही, सर. धुलाईखान्यात दोन पाळ्या होत्या. सकाळची नाहीतर दुपारची. दुपारी बाकीचे सगळे तास असतात. ते शिक्षक बोलतात, फळ्यावर दोन शब्द लिहितात. समोर बसलं नाही तर काहीच हाती लागत नाही. तुम्ही सगळं लिहिता. अक्षर शेवटच्या बाकावरूनसुद्धा वाचता येतं, एकही पायरी गाळत नाही. म्हणून मी सकाळची पाळी घेतली.

सर : म्हणजे माझा तास बुडवलास, कारण...

मुलगी : कारण तुमचा फळा भरवशाचा आहे. तुम्ही नसलात तरी चालतो.

मामा : घ्या. याला म्हणतात प्रशस्तिपत्रक.

सर : मामा, तुम्ही जरा थांबा. वही दे.

मुलगी : उजवीकडच्या पानांवर फळ्यावरचं आहे. तेवढंच बघा.

सर : आणि डावीकडच्या?

मुलगी : ते कच्चं आहे.

सर : कच्चं कसलं? ही पेन्सिलने काय मांडलंयस? इथं माझ्या शेवटच्या ओळीपासून उलटी मागं मागं गेलीस...

मुलगी : सुरुवात पुसलेली असायची. मग शेवट कुठून आला असेल, ते शोधत जायचे. कधी सापडायची, कधी नाही. लायब्ररीतलं पुस्तक एकच आहे आणि ते कायम कुणीतरी नेलेलं असतं. विकत घ्यायचं म्हणजे एका महिन्याचं व्याज.

सर : हे पान बघू. हे मी असं शिकवलं नव्हतं.

मुलगी : चुकलंय का?

सर : माझ्या नऊ पायऱ्या आहेत. तुझ्या सहाच.

मुलगी : मग तीन सुटल्या असतील.

सर : सुटल्या नाहीत. लागत नव्हत्या. मी इतकी वर्षं तीन पायऱ्या फुकटच्या चढत होतो.

मामा : अरे वा.

सर : आणि हे मंगळवारचं पान. उजवीकडं माझा आकडा, तीनशे अठ्ठेचाळीस. डावीकडं तुझा...

मुलगी : तो खोडायचा राहिला.

सर : तीनशे चौऱ्याऐंशी. खाली पुन्हा सगळं केलंस, पुन्हा तीनशे चौऱ्याऐंशी. पान उलटून तिसऱ्यांदा. तेच.

मुलगी : तीनदा केलं, तिन्ही वेळा चुकलं. कुठं चुकतंय तेच कळेना. मग पेपरात तुमचा लिहिला.

सर : तुझा बरोबर होता.

मुलगी : कोणता?

सर : तिन्ही वेळचा. फळ्यावर माझं चुकलं होतं. जाता जाता मी दारातून तोंडी दुरुस्त केलं, पण फळ्यावर तसंच राहिलं. तू माझ्यावर भरवसा ठेवलास आणि त्यात तुझे मार्क गेले.

मुलगी : तुमचं चुकेल असं वाटलंच नाही.

सर : मला एक सांग. सुरुवाती तुझ्या तुला सापडल्या होत्या. बहुतेक सगळ्या बरोबर आहेत. मग पेपरात का लिहिल्या नाहीस? ‘म्हणून’पासून का सुरू केलंस?

मुलगी : फळ्यावर होतं ते तुमचं होतं. सुरुवाती माझ्या होत्या.

सर : मग?

मुलगी : सर, एक विषय राहिला की बँकेकडून कर्जाचा पुढचा हप्ता येत नाही. हप्ता आला नाही तर फी नाही, फी नाही तर वर्ष गेलं, आणि बँक आत्याच्या दारात. आत्याने फॉर्म वाचलासुद्धा नव्हता. म्हणाली, वर तुझं नाव आहे ना, मग खाली काय लिहिलंय ते कशाला वाचू. माझ्या डोक्यातून निघालेलं खरं असेल की नाही, याची मला खात्री नव्हती. घरी पैसे असते तर लिहून बघितलं असतं. चुकले असते तर पुन्हा बसले असते. आता चुकून बघायची सोय नाही. माझं असं काही लिहायचंच नाही, असं ठरवून टाकलंय मी. पहिल्या वर्षी अशी नव्हते.

मामा : पहिल्या वर्षी ही पोर वर्गात इतके प्रश्न विचारायची, की गणिताच्या बाईंनी हिचं नाव ठेवलं होतं, चौकशीवाली.

सर : मला आठवतं. मीच एकदा म्हणालो होतो, जरा गप्प बस. तिसऱ्या वर्षी गप्प झालीस, तेव्हा मला वाटलं, सुधारली.

मुलगी : सर, यादीत माझं नाव आहे ना?

सर : आहे.

मुलगी : पाच वाजता जाणार?

सर : पाच वाजता. आता चार वाजून वीस मिनिटं झालीत.

मामा : सर, एक सही काय ती. अकराचे तेहतीस करायला किती वेळ लागतो? दोन आकडे तर बदलायचे.

सर : मामा, आकडे बदललेले काय करतात ते आताच पाहिलं ना आपण? खोटी हजेरी मी कधी मांडली नाही. आज मांडली तर उद्या कुणाला कशाच्या तोंडाने अडवू?

मुलगी : मामा, राहू द्या. सरांचं बरोबर आहे. सर, मी फक्त एवढंच विचारते, नाव गेल्यावर कर्जाच्या कागदावर ‘गैरहजर’ लिहितात की ‘नापास’? बँकेत दोन्हीला वेगळे नियम आहेत. आत्याला आधी सांगून ठेवलं पाहिजे.

सर : थांब. माझं बोलणं संपलेलं नाही. हजेरीचे नियम केले, त्या समितीत मी होतो. अकरावं कलम मीच घातलं होतं आणि त्यावरून सगळे मला हसले होते. शिक्षकाने सत्र संपायच्या आत भरपाईचे तास घेतले, तर ते हजेरीत धरायचे. यादीत नावापुढं लिहायचं, ‘भरपाई सुरू’, आणि शिक्षकाने सही करायची. नाव अडत नाही. आजवर एकाही शिक्षकाने ते वापरलं नाही. मीही नाही.

मुलगी : किती तास?

सर : तुला तेहतीस हवेत, अकरा आहेत. बावीस. सत्र संपायला महिना आहे. रोज एक, शनिवार धरून. दुपारी एक ते दोन. चार नंबर तेव्हा रिकामीच असते, हे तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मुलगी : माझ्या एकटीसाठी बावीस तास?

सर : नियमात ‘गरजूंसाठी’ असं लिहिलंय, संख्या लिहिलेली नाही. नोटीस लावतो. मामा, यादीतल्या उरलेल्या आठ जणांना ओळखता तुम्ही?

मामा : सगळ्यांना. दोघं खरेच उनाड आहेत, त्यांना साक्षात ब्रह्मदेव शिकवायला आला तरी ते बाहेर मोटारसायकलवर बसतील. उरलेल्यांतला एक पेट्रोल पंपावर असतो, एक छापखान्यात, एक जण धाकट्या भावंडांना सांभाळतो. बाकीच्यांचंही असंच काहीतरी.

सर : आणि मी त्या सगळ्यांना एका दावणीला बांधून ‘उडाणटप्पू’ म्हणून मोकळा झालो.

मामा : त्यांनीही तोंड उघडलं नाही, सर. हाताला काम लागलं की जीभ जरा मागं पडते.

सर : ठीक. सात जण असोत नाहीतर एक, तास होणार. आणि चाचणीचं सांगतो. मार्क मी वाढवणार नाही. जे लिहिलंस त्यालाच मार्क. सैल हात नाही.

मुलगी : नकोच.

सर : पण वार्षिक परीक्षेत तुझ्या सुरुवाती लिहायच्या. तुझ्या पद्धतीने, सहाच पायऱ्यांत. तपासणारा विचारेल की हे कुठल्या पुस्तकात आहे. विचारू दे. त्याआधी बावीस तासांत आपण एकेक पायरी दोघांनी ठोकून बघू. मग त्या अंदाजाच्या उरणार नाहीत. चुकायचं असेल ते इथं चुक, माझ्यासमोर. इथं चुकायला पैसे पडत नाहीत.

मामा : अगं, हो म्हण की. यादी जायचीय.

मुलगी : सर, एकच्या तासाला एक अडचण आहे.

सर : पाळी बदलली का?

मुलगी : नाही. कसं सांगू... मी पावणेचारला उठते. फळ्यावरचं मी उभ्यानेच उतरवून घेते, बाकावर बसतच नाही. आत्तासुद्धा तुम्ही बस म्हणालात तरी बसले नाही. बसलं की डोळा लागतो. मागच्या गुरुवारी घरी जेवता जेवता झोपले, आईने घास हातातून काढून घेतला. तुम्ही तुमचं जेवण सोडून माझ्यासाठी येणार, खडू घेऊन उभे राहणार, आणि मी तुमच्या समोरच झोपले तर?

सर : तर झोप. दहा मिनिटांनी मामा उठवतील. तोवर मी खडू खाली ठेवून बसेन. पुढं जाणार नाही.